दहिवर असेपर्यंत

२००४ साली दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी झुंबाबाई आणि तिचा मुलगा दगडू यांची मेंढरं आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या शिवेवरची एक राखीव टेकडी ओलांडून खोडदच्या बाजूला उतरली. त्या घराण्याच्या मेंढरांनी ही टेकडी याआधी कधी ओलांडली होती, ते पाहिलेलं माणूस आज हयात नाही. झुंबाबाईच्या सासऱ्यानेही ते फक्त ऐकलेलं होतं.

मी त्यांच्याबरोबर होतो. टेकडीचं आणि तिच्या पायथ्याच्या गावाचं नाव इथे देत नाही. गावच्या बैठकीत तशी विनंती झाली आणि मी ती मान्य केली.

रांजणीच्या पुढे

मंचरहून जीपने रांजणी, तिथून पुढे पायी. काढणी झालेल्या बाजरीच्या रानात वाडा उतरला होता. धनगर आपल्या फिरत्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. त्यात मेंढरं, कुत्री, सामानाची घोडी, कोंबड्या आणि माणसं सगळी आली. मेंढरांभोवती सुताच्या जाळ्याचं कुंपण होतं. त्याला वाघर म्हणतात. वाघरीच्या बाहेर तीन दगडांची चूल, आणि चुलीपाशी झुंबाबाई. सत्तरीच्या आसपासची, बारीक अंगाची, कपाळावर भंडाऱ्याचं मोठं बोट.

“या पावणं. बसा,” ती म्हणाली आणि घोंगडी झटकून माझ्यापुढे टाकली. मग काळ्या कुत्र्याचं मानगूट धरून त्याचं नाक माझ्या हाताशी आणलं. “वास दिला त्याला. आता रातच्याला उठलासा तरी काय बोलायचा न्हाई.”

पुण्यात पाहुण्याला खुर्ची देतात आणि नाव विचारतात. इथे घोंगडी दिली आणि ओळख कुत्र्याशी करून दिली. चहा मेंढीच्या दुधाचा होता, दाट आणि किंचित तुरट. भाकरीबरोबर हुलग्याचं माडगं होतं. ते पहिल्या वेळी मी संकोचाने प्यालो आणि दुसऱ्या वेळी मागून घेतलं.

बातमीदाराच्या सवयीने मी पहिला प्रश्न विचारला. मेंढरं किती?

दगडूची बायको कमल भाकरी थापत होती, ती हसली.

“पावणं,” झुंबाबाई म्हणाली, “तुमच्या आईला पोरं किती, ह्ये कुणी बाजारात इचारलं तर ती सांगंल का?”

“सांगेल की.”

“मग शहरातली आई असंल. मेंढरं मोजत नसत्यात, वळखत असत्यात. मोजली की घटत्यात.”

“आय देवाचं सांगती,” दगडू म्हणाला. “आजा येगळं सांगायचा. इंग्रजाच्या राज्यात डोक्यामागं पट्टी व्हती. आकडा तोंडातनं गेला की पट्टी बसली. म्हनून घरात बी कुणी आकडा बोलायचं न्हाई.”

इंग्रजी अमलात जंगलातल्या चराईवर डोईमागे कर घेत, हे सरकारी कागदांत नोंदलेलं आहे. मोजण्याचं भय त्यातून आलं की आधीपासून होतं, हे ठरवायला माझ्याकडे साधन नाही. दोन्ही कारणं मी टिपून घेतली आणि प्रश्न सोडून दिला.

दुसरा प्रश्न वाटेचा होता. वाड्याला जायचं होतं निमगाव सावाला. तिथले शेतकरी बबनभाऊ दरवर्षी कांद्याची लागण करण्याआधी आपलं रान झुंबाबाईच्या मेंढरांसाठी मोकळं ठेवतात. मेंढरं रात्री त्या रानात बसतात, लेंड्या आणि मुताचं खत होतं, बदल्यात वाड्याला धान्य आणि मुक्काम मिळतो. हा संबंध बबनभाऊंच्या वडिलांपासूनचा. सरळ वाट समोरच्या टेकडीवरून होती. वाडा मात्र दरवर्षी पश्चिमेला हमरस्त्याला जाऊन नारायणगाव, आळेफाटा करत पुन्हा पूर्वेला वळायचा.

“सडकंनं का जाता?”

“आडीवलं म्हनून,” झुंबाबाई म्हणाली.

सासऱ्याकडून तिने ऐकलेलं असं. पूर्वी टेकडीवर वाट होती. पावसाळा संपला की वाडे घाट उतरून कोकणात जायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी वर यायचे. एका वर्षी वर आले तर टेकडीभोवती दगडी बुरूज उभे होते. आतलं गवत, झाडं, वाट, सगळं सरकारी झालं होतं. “मोजणी आली तवा आमी खाली कोकणात व्हतो. गावात व्हते त्येंची नावं लागली. चालत व्हते त्येंची कशी लागनार?” ठाऊक नसल्याने सासऱ्याच्या आज्याने नेहमीच्या वाटेने मेंढरं घातली. शिपायांनी ती कोंडवाड्यात नेली. कोकरं एकीकडे आणि आया दुसरीकडे कोंडल्या गेल्या. सुटली तेव्हा बरीच कोकरं मेली होती. तेव्हापासून सडक.

त्या काळी सडकेवर बैलगाड्या होत्या, म्हणून वळशात फक्त पाय झिजत. आता तो पुणे-नाशिक रस्ता आहे. आदल्या वर्षी आळेफाट्याच्या अलीकडे एक ट्रक मेंढरांत घुसला. किती गेली हे मी विचारलं नाही.

“मी आयला सांगून ठिवलंय,” दगडू म्हणाला. “औंदा पुन्ना सडकंनं जायचं असंल तर मेंढरं व्यापाऱ्याला. फाट्यावर गॅरेजवाला कामाला ये म्हनतोय. टायर फुटला तर रगात येत न्हाई.”

झुंबाबाई राखेने किटली घासत राहिली.

टेकडीच्या बाबतीत अलीकडे एक फरक पडला होता. राखण्यासाठी ती पायथ्याच्या गावाच्या वन समितीकडे आली होती. गावाने आपणहून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, आणि उघड्या माळावर गवत उभं राहिलं. म्हणजे अडवणारा आता लांबच्या कचेरीत बसत नव्हता, देवळाच्या पारावर बसत होता. हे कमलच्या लक्षात आलं होतं.

“सायबाला इचारायचं भ्या वाटतं,” ती म्हणाली. “गाववाल्याला इचारायला काय जातंय? न्हाई म्हनतील. आत्ता तरी कुठं व्हय म्हनत्यात?”

बुरूज

दुसऱ्या दिवशी वाडा टेकडीच्या पायथ्याशी गेला. गावात निरोप धाडला होता, आणि समितीने संध्याकाळी बैठक ठेवली होती. चढाला लागण्याआधी रचीव दगडांचा एक बुरूज आहे, कमरेइतका उंच. एका बाजूला चुन्याच्या थरांखाली कोरलेला आकडा अर्धवट दिसतो. दुसरी बाजू भंडाऱ्याने पिवळी झालेली. झुंबाबाईने पदर डोक्यावरून घेतला, चिमूटभर भंडारा वाहिला आणि डोकं टेकवलं.

“कोणता देव?” मी विचारलं.

“द्येव कशाचा? फारेस्टचा दगड हाय.”

“मग पाया का पडता?”

“जो आडीवतो त्याच्या पाया पडावं लागतं, पावणं. सासू पडायची, मी पडते.”

“मी न्हाई पडत,” कमल म्हणाली.

“तू नगंच पडू. तू संध्याकाळच्याला बैठकीत बोल.”

पारावर

समितीचे अध्यक्ष तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पांढरा पायजमा, खिशाला पेन, प्रत्येक वाक्य संपल्यावर समोरच्याकडे पाहण्याची सवय. पारावर दहा-बारा माणसं होती. वनरक्षक कडेला मोटरसायकलवर बसून ऐकत होते.

“आमी आमची शेरडं सोडत न्हाई,” तात्या म्हणाले. “भावकीत भांडणं झाली त्यावरनं. मग तुमची मेंढरं कशी सोडू? तुमीच सांगा.”

“चारायची न्हाईत तात्या,” दगडू म्हणाला. “नुसती न्यायची हायत. ह्या बाजूनं चढायचं, त्या बाजूनं उतरायचं.”

“गवतातनं न चरता?” सोपान नावाचा एक तरुण शेतकरी मागून बोलला. “मांजराला म्हनावं, दुधाच्या पातेल्यावरनं चालत जा, पन जीभ लावू नको!”

सगळे हसले. दगडूही हसला.

कमल बायकांच्या बाजूला बसली होती. तिथूनच ती बोलली. “दहिवर हाय तवर नेतो.”

दहिवर म्हणजे दव. दवात भिजलेलं गवत मेंढराच्या पोटात गेलं तर ते आजारी पडतं असं मेंढपाळ मानतात, आणि ऊन चढून गवत कोरडं होईपर्यंत मेंढरं रानात सोडत नाहीत. कमलने हे समितीला सांगितलं. “तुमी राखन ठिवू नका. त्या वक्ताला आमीच मेंढराला त्वांड लावू देत न्हाई. आमचीच मेंढरं मारायची हौस हाय व्हय आमाला?”

समितीतल्या शांताबाई शेळ्या पाळणाऱ्या. त्या म्हणाल्या, “खरं हाय तिचं. शेरडालाबी दहिवर सोसत न्हाई.”

तात्यांनी मान डोलावली. पेन काढलं. “बरं. मेंढरं किती?”

दगडू पाराखालच्या चपलांकडे पाहू लागला.

“किती, भाऊ?”

“हायत की. देवाच्या दयेनं हायत.”

“देवाची दया असू द्या. आकडा सांगा.”

झुंबाबाईने देवळाच्या भिंतीकडे तोंड केलं. दगडूने आईकडे पाहिलं. पारावर कुजबूज सुरू झाली.

“आकडा दडवतोय म्हंजी काळंबेरं हाय,” सोपान म्हणाला. “आज येवढी दावायची, सकाळी सोयऱ्याधायऱ्याची बी घुसवायची.”

तात्यांनी पेनाचं टोपण लावलं. “आकड्याशिवाय मी काय लिव्हू, राव? बस भरली का मोकळी, ह्ये कंडक्टरला ठावं नको?”

दगडू उठला आणि चपला घालू लागला. “चल आय. फाट्याला जाऊ.” झुंबाबाईही उठली. निर्णय झाल्यासारखंच होतं.

कमल बसून राहिली.

“तात्या, तुमाला आकडा कशापायी पायजे?”

“सांगितलं की. मागनं दुसरी घुसली तर कळाया नको?”

“मग वळखायची खून बगा. उद्या समद्या मेंढरांच्या डाव्या अंगाला काव लावतो. तुमच्या देखत लावतो. ज्येला काव न्हाई ते आडवा. त्ये आमचं न्हवंच.”

काव म्हणजे तांबडी माती. तात्यांनी जरा विचार केला. मग त्यांचा चेहरा बदलला.

“म्हंजी तिकीट न्हाई,” ते म्हणाले, “पास.”

“व्हय, पास.”

“पास चालतो की! पासवाल्याला आमी कवाच मोजलं न्हाई.”

पार हसला. वनरक्षकांना विचारलं गेलं. समितीने जबाबदारी घेतली आणि वर मुक्काम, जाळ झाला नाही, तर नुसत्या जाण्याला आपली हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. ठरलं ते असं: एकदाच, या वर्षापुरतं. दहिवर असताना चढायचं, वाळायच्या आत उतरायचं. मेंढरं वर थांबवायची नाहीत. तात्या आणि सोपान बरोबर चालणार. कळपाने चराई केली तर पुन्हा विचारायला यायचं नाही.

परतताना दगडू कमलला म्हणाला, “इतकं बोलायला कवा शिकलीस?”

“तुमी कवा गप ऱ्हाता, त्याची वाट बगत व्हते.”

टेकडी

काव लावण्यात पुढचा दिवस गेला. तात्या कट्ट्यावर बसून पाहत होते. मी मदत करायला गेलो आणि एका मेंढीने मला पाडलं. शर्टाची डावी बाही तांबडी झाली, ती आजही तशीच आहे. तात्या म्हणाले, “पावण्यालाबी सोडा. शिक्का हाय.”

सकाळी धुकं होतं. गवत गुडघ्यापर्यंत आणि ओलंचिंब. माझे बूट पहिल्या चढालाच भिजले. सुरुवातीला घोळ झाला. जाळी उचलताच पुढच्या मेंढ्या सवयीने सडकेच्या दिशेने वळल्या, सगळा कळप त्यांच्या मागे. काळा कुत्रा आडवा धावला. दगडूने पुढच्या मेंढीला शिंगाला धरून बुरुजापलीकडे ओढून नेलं. ती चार पावलं गेल्यावर बाकीची गेली.

सामानाची घोडी पाठीवर कोंबड्या आणि दोन लंगडी कोकरं घेऊन मधोमध चालली. दगडू पुढे, कमल आणि कुत्री कडेला. मेंढराने मान खाली घातली की कमल जीभ टाळूला लावून एक आवाज काढायची आणि मान वर यायची. दरवेळी आली नाही. सोपान काठीने गवत बाजूला करून कुठे कुठे तोडलं ते पाहत होता.

“ह्ये बगा. ह्यो घास गेला.”

“गेला,” कमल म्हणाली. “चालत्या बशीतनं येखादा थुकतोबी. पास काडून घेता का?”

तात्यांना हे फार आवडलं.

माथा ओलांडल्यावर एक मेंढी कळपातून बाजूला झाली आणि खाली बसली. ती गाभण होती. दिवस भरायला अजून अवकाश आहे असा झुंबाबाईचा अंदाज होता, तो चुकला. धुकं विरत होतं. खालच्या उतारावर ऊन पडलं होतं आणि तिथलं गवत कोरडं होऊ लागलं होतं.

दगडू थांबला. कळपही थांबला, आणि काही माना खाली गेल्या.

“थांबायचं न्हाई असं ठरलंय,” तात्या म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत, पण म्हणाले.

“तू हो फुडं,” झुंबाबाई मुलाला म्हणाली. “मेंढरं काड.” मग तात्यांकडे वळली. “मेंढरं थांबनार न्हाईत तात्या. मी थांबते. माजी बंदी झाल्याली न्हाई न्हवं?”

दगडू आणि कमल कळप घेऊन उतरू लागले. तात्या त्यांच्याबरोबर गेले. सोपान नियमाप्रमाणे मागच्यांवर लक्ष ठेवायला राहिला. मीही राहिलो.

झुंबाबाई मेंढीपाशी बसली आणि तिच्याशी हळू बोलत राहिली. काय बोलली ते मला कळलं नाही. सोपान आधी उभा होता, मग बसला. कोकराचे पाय दिसले तेव्हा बाईने त्याला म्हटलं, “बगत काय बसलाईस? मान धर तिची.” त्याने धरली. कोकरू झालं, मादी होती. बाईने तिचं नाक पुसलं, आईच्या तोंडाशी धरलं, आईने चाटलं.

“आता हिला चालवायची का?” सोपानने विचारलं.

“तासभर तरी न्हाई चालनार.”

सोपानने गवताला हात लावून पाहिला. मग उपरणं कमरेला बांधलं, मेंढी खांद्यावर घेतली आणि उताराला लागला. बाई कोकरू ओटीत घेऊन मागे. मी काठी आणि बाईच्या वहाणा घेतल्या.

खाली कळप शिवेबाहेर उभा होता. तात्या काठी टेकून वाट पाहत होते. सोपानच्या खांद्यावरची मेंढी, मग बाईच्या ओटीतलं कोकरू, दोन्ही त्यांनी निरखून पाहिली.

“ह्येला पास न्हाई,” ते म्हणाले.

“लहान मुलाला तिकीट असतंय का?” सोपान म्हणाला.

तात्यांनी सोपानला विचारलं, किती चरलं. सोपान म्हणाला, “चार घास गेलेत. बसली न्हाईत कुठं.” तात्यांनी पेन काढलं नाही. दगडूच्या हातात हात दिला, आणि ते व सोपान परत चढाला लागले.

खोडदच्या बाजूला

तिथून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे मोठे तवे दिसतात. ते आभाळातला आवाज ऐकतात असं मी दगडूला सांगितलं. त्याने विचारलं, “काय म्हनतंय आभाळ?” कमल म्हणाली, “पयलं वाटंचं इचारा. म्होरं कालवा हाय.” कालव्याच्या पुलावर घोडी अडली आणि बराच वेळ गेला. त्यापलीकडे द्राक्षाच्या बागांना तारेचं कुंपण होतं आणि कळप बांधावरून एकेरी न्यावा लागला. एका बागवानाने शिव्या दिल्या, दुसऱ्याने पाणी दिलं. टेकडी मिळाली म्हणून सगळी वाट मिळाली, असं झालेलं नव्हतं.

निमगाव सावा

बबनभाऊ रानाच्या कडेला उभे होते. वाडा सडकेकडून येईल म्हणून ते तिकडे तोंड करून होते, आणि वाडा त्यांच्या पाठीमागून आला.

“अरं, ह्या अंगानं कसं?”

“टेकडीवरनं,” झुंबाबाई म्हणाली.

“टेकडीवरनं? सोडलं?”

“इचारलं. सोडलं.”

बबनभाऊंनी बायकोला हाक मारून तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. शेजारचे दोघे आले, त्यांनाही. संध्याकाळी वाघर लागली. व्यालेल्या मेंढीच्या चिकाचा खरवस कमलने चुलीवर केला, गूळ बबनभाऊंच्या घरचा. पहिली वाटी कुत्र्याला गेली, दुसरी मला.

निघताना मी दगडूला गॅरेजचं विचारलं. तो वाघरीची खुंटी ठोकत होता.

“औंदा न्हाई सांगितलं त्येला.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“फुडल्या वर्साचं तात्याला इचारायचं. पन कमल इचारंल. मला बोलू देत्यात कुठं?”

२००५ साली दिवाळीनंतर मी बबनभाऊंना फोन केला. समितीने पुन्हा बैठक घेऊन वाट दिली होती, अटी त्याच ठेवल्या होत्या. झुंबाबाईचा वाडा आदल्या दिवशी टेकडीवरून येऊन त्यांच्या रानात उतरला होता. त्याच्यामागून आणखी दोन वाडे त्याच वाटेने आले होते. एकाच्या मेंढरांना हिरवा रंग लावला होता, दुसऱ्याच्या निळा.